श्वानांतील संक्रमणशील अर्बुद व सदाफुली

अमरावती-अकोल्याच्या अंगणांत फुलणाऱ्या सदाफुलीतून व्हिनक्रिस्टीन हे अल्कलॉइड मिळते. अमेरिकेत १९६३ मध्ये मानवी कर्करोगासाठी मान्यता मिळालेले हे औषध श्वानांच्या जननेंद्रियांवरील संक्रमणशील अर्बुदावरही प्रभावी आहे. हे अर्बुद मुख्यतः मैथुनाच्या वेळी जिवंत कर्कपेशींद्वारे पसरते. व्हिनक्रिस्टीन ट्यूब्युलिन या प्रथिनाशी संयोग पावून सूक्ष्मनलिकांची निर्मिती रोखते. परिणामी पेशीविभाजन मध्यावस्थेतच थांबते. दर आठवड्यास शिरेतून एक, अशा ४ ते ६ मात्रांत बहुतांश श्वान बरे होतात.

तथापि पानांचा काढा त्यास पर्याय नव्हे. पानांत व्हिनक्रिस्टीन अत्यल्प असून इतर विषारी अल्कलॉइडे अनिश्चित प्रमाणात असतात. शुद्ध औषधही श्वेतपेशी घटविते व शिरेबाहेर गेल्यास ऊतींचा नाश करते. म्हणूनच, वनस्पतिजन्य ते निरुपद्रवी, हा समज श्वानाच्या जिवावर बेतू शकतो.