औषधाचे पैसे आणि सांभाळण्याचे पैसे



लागणीची तारीख, पाण्याच्या पाळ्या, खताचे हप्ते यांबद्दल या पानांत नेहमीच लिहून येते. आजचा विषय जरा वेगळा आहे. आडसाली लागण केली की ऊस तुटायला दीड वर्ष लागणार, हे आपण धरूनच चालतो आणि त्या हिशेबाने घरखर्च, सोसायटीचे कर्ज, मुलांच्या फिया बसवतो. पण घरातले म्हातारपण किती दिवस चालणार, त्याला दरमहा काय लागणार आणि ते पैसे कोठून येणार, याचा हिशेब आपल्यापैकी कितीजणांनी मांडला आहे? मी तरी मांडला नव्हता. म्हणून हा लेख.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमची आई न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. वय शहात्तर. तालुक्याला एक्स-रे काढला आणि तसंच जिल्ह्याच्या गावी नेलं. दवाखाना सरकारी योजनेत बसणारा होता, आईचं आयुष्मान कार्ड आधीच काढलेलं होतं. ऑपरेशन झालं आणि त्याचे पैसे भरावे लागले नाहीत. गावात आल्यावर जो तो म्हणायचा, "सुटलात बघा, सगळं फुकटात झालं!" मलाही तसंच वाटलं.

खरा खर्च त्यानंतर सुरू झाला. आईला उठवणं, बसवणं, शौचाला नेणं, रात्री दोनदा कूस बदलणं. पहिले दोन महिने आमच्या मंडळींनी सगळं एकटीनं केलं. दोन महिन्यांनी त्यांचीच कंबर धरली. मग दिवसाची एक बाई ठेवली. व्यायाम करून घेणारे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येऊ लागले. थोरल्या मुलाने आजीच्या नावाने खाजगी विमाही घेतला होता. त्याने बाईच्या पगाराच्या पावत्या जोडून विमा कंपनीला पाठवल्या. उत्तर आलं, "हा खर्च मिळणार नाही." आम्ही चिडलो. नंतर पॉलिसीचा कागद काढून ओळ न् ओळ वाचली, तेव्हा कळलं की कंपनीचं काही चुकलं नव्हतं. आम्हीच कागद वाचला नव्हता.

त्यातून जे शिकलो ते एका वाक्यात सांगतो. विमा औषधोपचाराचे पैसे देतो, माणूस सांभाळायचे पैसे देत नाही. म्हातारपणात हे दोन खर्च वेगळे असतात आणि त्यांची तजवीजही वेगवेगळीच करावी लागते.

कोणता विमा कशासाठी?

पारावर कुणी "माझा विमा आहे" म्हणाला, तर विचारावे, "कसला?" कारण आपण तीन-चार गोष्टी एकाच नावाने ओळखतो. आयुर्विमा हा माणूस गेल्यावर किंवा मुदत संपल्यावर पैसे देतो. दवाखान्याचे बिल तो भागवत नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत अपघाती मृत्यू झाला तर वारसाला २ लाख रुपये मिळतात. ती १० ते ७५ वयापर्यंत आणि फक्त अपघातासाठी आहे. २०२३ सालापासून ती विमा कंपनीमार्फत न चालता सरकारी सानुग्रह अनुदान म्हणून चालते. आजारपणाशी तिचा संबंध नाही. आजारपणासाठी दोनच गोष्टी कामाला येतात : सरकारी आरोग्य योजना आणि खाजगी आरोग्य विमा.

सरकारी योजना

आपल्या राज्यात २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. तीच २०१७ सालापासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ साली आली. या दोन्ही आता एकत्र राबवल्या जातात आणि २०२४ सालापासून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. पूर्वी काही रेशनकार्डधारकांना यातून वगळले जाई. आता राज्यातल्या सर्वच रेशनकार्डधारकांना ती लागू आहे.

त्याशिवाय २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला आयुष्मान भारतमध्ये घेतले आहे. बागायत किती, उत्पन्न किती, हे कोणी विचारत नाही. खाजगी विमा असला तरी चालतो. कुटुंब आधीपासून आयुष्मानमध्ये असले, तर सत्तरीपुढच्यांसाठी ५ लाखांची वेगळी भर मिळते. मात्र घरात आजोबा-आजी दोघेही सत्तरीपुढचे असतील, तर ते ५ लाख दोघांत मिळून असतात.

येथे एक अडचण आपल्या खेड्यात हमखास येते. वय आधार कार्डावरून धरतात. जुन्या माणसांच्या जन्माची नोंद नसते, आधार काढताना कुणीतरी अंदाजे साल टाकलेले असते. खरे वय बहात्तर आणि कार्डावर सहासष्ट, असा प्रकार निघाला तर कार्ड मिळत नाही. तेव्हा माणूस धडधाकट आहे तोवर आधार तपासून घ्या. दुरुस्तीला वेळ लागतो आणि दुखणे काही तोवर थांबत नाही.

या योजनेच्या मर्यादाही ध्यानात ठेवा. यादीतलाच दवाखाना लागतो आणि यादीतलाच उपचार. तेथे आरोग्यमित्र बसलेले असतात, दाखल होण्याआधी त्यांना भेटा. आयुष्मानमध्ये दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस धरलेले आहेत. सोळाव्या दिवसापासूनच्या गोळ्या आपल्या खिशातून. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या तर पहिल्या दिवसापासूनच आपल्या.

खाजगी आरोग्य विमा

पूर्वी पासष्टीनंतर नवीन पॉलिसी मिळणे मुश्कील असे. एप्रिल २०२४ पासून ती वयाची अट निघाली. पण मिळेल ती स्वस्तात मिळेल असे नाही; म्हातारपणी हप्ता मोठाच बसतो. दोन गोष्टी मात्र सोयीच्या झाल्या आहेत. जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामकाने सांगितले की, ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर कंपनीने आधी विचारले पाहिजे. आणि घरगुती आरोग्य विम्याच्या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी लागे, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ झाला आहे.

पॉलिसी घेताना एजंटाला तीन प्रश्न विचारा.

पहिला : आधीपासूनच्या आजाराला किती वर्षे थांबायचे? नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ३ वर्षे. म्हणजे शुगर असलेल्या माणसाने आज विमा घेतला, तर त्या आजाराचा खर्च मिळायला तेवढी वाट पाहावी लागू शकते.

दुसरा : बिलातला आपला वाटा किती? काही पॉलिसींत बिलाचा ठरावीक भाग आपणच भरायचा असतो. हा वाटा २० टक्के असेल, तर २ लाखांच्या बिलात ४० हजार आपले.

तिसरा : खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे काय? सर्व कंपन्यांनी विकायची म्हणून २०२० साली 'आरोग्य संजीवनी' ही ठरावीक पॉलिसी आली. तीत खोलीला विम्याच्या २ टक्के, पण दिवसाला ५ हजारांपेक्षा जास्त नाही, अशी मर्यादा होती. काही पॉलिसींत मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की नुसते भाडेच नाही, तर डॉक्टरांची फी वगैरेही त्याच प्रमाणात कापतात. पाहुण्यांसमोर बरे दिसावे म्हणून स्पेशल रूम घेणाऱ्यांनी हे जरूर विचारावे.

फॉर्म भरताना "शुगर लिहू नका, हप्ता वाढेल" असे कोणी सांगेल. ऐकू नका. खरे ते लिहा. नंतर लपवाछपवी सापडली तर ऐन वेळी बिल नाकारले जाते. पॉलिसी हातात पडल्यावर ३० दिवसांत पसंत पडली नाही म्हणून परत करता येते. तेव्हा त्या ३० दिवसांत घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीकडून ती वाचून घ्या. बिल विनाकारण नाकारले असे वाटले तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर पुण्याला विमा लोकपालांचे कार्यालय आहे. तेथे फी लागत नाही, वकील लागत नाही.

विमा कुठे थांबतो?

आमच्या पॉलिसीत जे कलम होते, ते बहुतेक सगळ्या कंपन्यांच्या कागदात असते. अर्थ साधारण असा : आंघोळ घालणे, कपडे बदलणे, हिंडवणे-फिरवणे अशा रोजच्या मदतीचा खर्च मिळणार नाही. मग ती मदत घरी असो की एखाद्या संस्थेत, देणारी नर्स शिकलेली असो की साधी बाई असो. वृद्धाश्रमाची मासिक फी यातच आली. सरकारी योजनाही हा खर्च देत नाही.

मग हा खर्च येतो किती? बाईला दिवसाला ५०० रुपये धरा. महिन्याचे १५ हजार झाले, वर्षाचे १ लाख ८२ हजार ५००. आता एकरी ४० टन उतारा आणि टनाला हातात ३ हजार धरा; एकराचे बिल १ लाख २० हजार. म्हणजे दीड एकराचे सगळे बिल एका बाईच्या पगाराला गेले. लागणीचा, खताचा, पाण्याचा खर्च अजून वजा केलेलाच नाही! आणि बाईचा पगार दर महिन्याला द्यायचा असतो, उसाचे बिल येते वर्षातून एकदा.

घरची सून करते म्हणून हा खर्च अनेक घरांत दिसत नाही. दिसत नाही म्हणजे होत नाही असे नव्हे. तिची झोप जाते, तिचे रानातले काम बुडते, तिची कंबर जाते. आठवड्यातून दोन दिवस बाई ठेवली तरी तिला मोठा आधार होतो.

म्हणून बिलाचा हप्ता जमा झाला की त्यातला थोडा भाग आई-वडिलांच्या नावे बाजूला टाकावा, आणि तो दरमहा व्याज देईल असा. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत एका नावावर ९ लाख, जोडीने १५ लाखांपर्यंत ठेवता येतात. बँकेत ठेवायचे असतील तर एका बँकेत एका माणसाच्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीलाच विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नसते. अर्धा टक्का जास्त व्याज मिळते म्हणून म्हातारपणाची सगळी पुंजी एकाच पतसंस्थेत टाकणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आपल्या रानात राबलेल्या, ऊस तोडलेल्या कष्टकरी माणसांकडे अशी पुंजी नसते. पासष्टीपुढचे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असलेल्यांना श्रावणबाळ योजनेतून २०२३ सालापासून दरमहा १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसीलला करायचा असतो. त्यांना अर्ज भरून द्यायचे काम आपण करू शकतो.

वृद्धाश्रमाबद्दल दोन शब्द

"आई-बापाला आश्रमात टाकलं" असे बोलणे आपल्याकडे सोपे आहे. पण मुले परदेशी, घरात दोघेच आणि त्यातले एक अंथरुणाला, अशी घरे आता गावोगाव आहेत. सरकारची मातोश्री वृद्धाश्रम योजना १९९५ सालची. धर्मादाय संस्थांचे आश्रम आहेत. शहरात 'असिस्टेड लिव्हिंग' नावाने पैसे भरून राहायच्या सोयीही झाल्या आहेत. कुठेही जा, पण आधी हे विचारा : आज चालता-फिरता माणूस उद्या अंथरुणाला खिळला तर ठेवून घ्याल का? अनामत परत मिळते का, केव्हा? मासिक फीत रात्रीची बाई, डायपर, औषधे धरली आहेत का? दवाखान्यात नेले तर सोबत कोण राहणार? फी दरवर्षी किती वाढते? उत्तरे लेखी घ्या.

जमीन नावावर करण्याआधी

शेवटचा मुद्दा नाजूक आहे, पण सांगितला पाहिजे. ऊस ज्याच्या नावावर, बिल त्याच्या खात्यावर. वडील हयातीतच सगळी जमीन मुलांच्या नावावर करतात आणि मग गोळ्यांच्या पैशांसाठी मुलांकडे पाहत बसतात. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा २००७ साली झाला. त्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करून मुलांकडून दरमहा १० हजारांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळले नाही तर परत मिळवण्याची तरतूदही त्यात आहे. म्हणून बक्षीसपत्र करायचेच असेल तर ती अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. त्यापेक्षाही बरे म्हणजे एक-दोन एकर आणि राहते घर शेवटपर्यंत आपल्या दोघांच्या नावावर राहू द्या. बाकीचे मृत्युपत्रात लिहा. मुलगा कितीही चांगला असला तरी बापाला त्याच्याकडे दर महिन्याला हात पसरायला लागू नये. हे मी स्वतः मुलगा असून सांगतो आहे.

आई आता वॉकर धरून उंबऱ्यापर्यंत येते. परवा ट्रॅक्टर भरून निघाला तेव्हा तिनं विचारलं, "यंदा टन किती पडतील?" मी आकडा सांगितला. ती म्हणाली, "त्यातलं बाईचं आधी काढून ठेव." मी ते काढून ठेवलं आहे.

सभासदांनो, हंगामाची धांदल आहे, तरी या महिन्यात तीन कामे उरकाच. घरातल्या वडीलधाऱ्यांचे आधारवरचे वय तपासा. सत्तरी झाली असेल तर आयुष्मान कार्ड काढा. आणि कपाटातली पॉलिसी बाहेर काढून एकदा कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. काही अडले तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा सरकारी मदतीचा फोन आहे. पुढच्या गटसभेला येताना आपापली पॉलिसी घेऊन या, बसून वाचू.