उघडी वही आणि झांकलेला आंकडा

जमिनीच्या दप्तराचा मूळ धर्म उघडेपणा हा होय. सात-बाराचा उतारा कोणासही पाहतां येतो, आणि इतर हक्कांच्या रकान्यांत सोसायटीचा बोजा चढला कीं तो गांवभर कळतो. हा उघडेपणा निरर्थक नाहीं. बोजाची जमीन अजाण गिऱ्हाइकाच्या गळ्यांत पडूं नये म्हणून तो ठेविला आहे. परंतु विचारणाऱ्यास पुष्कळदां इतकेंच हवें असतें कीं, खातेदाराची जमीन २ हेक्टरांच्या आंत आहे कीं नाहीं. आणि त्याच्या हातीं पडतो सबंध ८-अ, सहहिस्सेदारांच्या नांवांसह. ही अडचण आम्हीं महसुली नोकरींत नित्य पाहिली.

ज्या वहीस ब्लॉकचेन म्हणतात, तिच्यापुढें हाच पेंच आला. सातोशी नाकामोतो या टोपणनांवाचा निबंध २००८ सालीं निघाला व जानेवारी २००९ मध्यें बिटकॉइनची वही सुरू झाली. ती एका कचेरींत नसते. हजारों संगणकांवर तिच्या नकला असतात, आणि प्रत्येक नव्या पानावर मागील पानाची गणिती खूण असते. जुनी नोंद खोडली कीं पुढील सर्व खुणा चुकतात. गांवदप्तरास असें कुलूप असतें तर कित्येक तंटे उद्भवलेच नसते! पण या वहींतील प्रत्येक देवघेव साऱ्या जगास दिसते. नांवाऐवजीं अक्षरांचा पत्ता असतो खरा. तथापि तो पत्ता कोणाचा हें एकदां कळलें कीं त्याचा मागचा सर्व हिशेब उघडा पडतो.

यावरील तोड गोल्डवासर, मिकाली व रॅकॉफ या गणितज्ञांनीं १९८५ सालींच मांडली होती: गुपित न सांगतां त्याची खातरी पटवावयाची. समजा, ज्वारीचे दोन दाणे आम्हांस सारखेच दिसतात; शेजारी म्हणतो, यांतील फरक मला ओळखतां येतो. आम्हीं ते पाठीमागें नेऊन मनास येईल तसे पालटावे वा न पालटावे, आणि पालटले काय तें त्यास विचारावें. नुसत्या अंदाजानें २० वेळां बरोबर उत्तर येण्याचा संभव १०,४८,५७६ मध्यें १. आमची खातरी पटली. दाणा कसा ओळखावा, हें मात्र कळलें नाहीं.

अशाच गणितावर २०१६ सालीं झीकॅश हें चलन निघालें. त्यांत रक्कम व पत्ते झांकतां येतात, आणि मालक हिशेबनिसास पाहण्यापुरती किल्ली देऊं शकतो. तिनें वाचतां येतें, पैसा काढतां येत नाहीं. मिडनाइट नांवाच्या जाळ्यांत तर काय झांकावें व काय दाखवावें हें करार लिहितांनाच ठरवितात. त्याच्या कॉम्पॅक्ट भाषेंत ‘डिस्क्लोज’ हा शब्द स्पष्ट लिहिल्यावांचून खाजगी माहिती उघड्या वहींत जात नाहीं.

वास्तविक तहसिलींतला अल्पभूधारकाचा दाखला याच जातीचा. अंमलदार सर्व कागद पाहतो आणि एका ओळींत निकाल लिहितो. नव्या रीतींत, सरकारी सहीचा आंकडा खातेदाराजवळच राहील व तो २ हेक्टरांच्या आंत आहे एवढाच पुरावा बाहेर जाईल, खेटे वांचतील.

मात्र दोन गोष्टींची आम्हांस धास्ती वाटते. एक, सर्वस्वीं झांकलेली वही चोरांसही सोयीची. टोर्नाडो कॅश या पैसे मिसळणाऱ्या व्यवस्थेवर अमेरिकेनें ऑगस्ट २०२२ मध्यें निर्बंध घातले, ते मार्च २०२५ मध्यें उठविले. उत्तर कोरियाच्या टोळीनें चोरलेला पैसा तिच्यांतून फिरविला, असा तिच्यावर आरोप होता. दुसरी गोष्ट आमच्या धंद्यांतली. गणित इतकेंच सिद्ध करितें कीं, आंकडा नोंदीप्रमाणें आहे. मोजणीच चुकली असेल, वारसाचा फेरफार पडून राहिला असेल, तर चुकीच्या नोंदीचाच पुरावा बिनतोड होऊन बसेल. आणि आंकडा झांकलेला असल्यामुळें ती चूक शेजाऱ्याच्या नजरेसही येणार नाहीं. सात-बारावरील कित्येक चुका आजवर बांधालगतच्या माणसानेंच उघडकीस आणिल्या आहेत.