खड्ड्यातला प्रॉम्प्टर आणि मान फिरवणारा दिवा

संपादकांचा प्रश्न साधा होता. तैवानचा हुआंग यी कारखान्यातल्या कूका रोबोबरोबर नाचतो. भौतिकशास्त्र शिकलेली बॅले नर्तिका मेरिट मूर २०२० च्या टाळेबंदीत यंत्राच्या हाताबरोबर नाचू लागली. मग आपल्याकडे माणूस आणि यंत्र एका रंगमंचावर कुठे भेटतात? त्यांच्या मनात पुण्या-मुंबईची सभागृहं असावीत. मी वडशाची गाडी धरली.

वडसा म्हणजे कागदोपत्री देसाईगंज. गडचिरोली जिल्ह्यातलं, गोंदिया–बल्लारशा लोहमार्गावरचं स्टेशन. झाडीपट्टी रंगभूमीची ही बाजारपेठ. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानाच्या मुलखात दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं आधीपासून होती. त्यांच्याच अंगणात संगीत नाटक आलं आणि इथलंच होऊन गेलं. धान कापून झालं, भाऊबीज उलटली की मंडईची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत आणि रात्री नाटक, असा हंगाम होळीपर्यंत चालतो. वडशातल्या कंपन्यांच्या कार्यालयांत गावोगावची मंडळं येतात, तारीख ठरते, इसार दिला जातो. कुरखेडा तालुक्यातले झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्यांनी या रंगभूमीकडे वळून पाहिलं. इथल्या प्रेक्षकाला त्याआधीही ते ठाऊकच होते.

इतिहास एवढा पुरे. मला पाहायचा होता मांडव.

नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होतं आणि उजाडायला आलं की संपतं. मागे रंगवलेले पडदे: रस्ता, वाडा, जंगल. पुढे ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. आणि मंचाच्या पुढच्या कडेला, मधोमध, खड्ड्यात प्रॉम्प्टर. वही मांडीवर, डोकं मंचाच्या पातळीला. नट आज एक नाटक करतो, उद्या दुसऱ्या गावात दुसरं. तालमी मोजक्या. म्हणून प्रॉम्प्टर एखाद्या विसरलेल्या वाक्यापुरता नसतो, तो नाटक अखंड वाचत असतो. नट त्याचं वाक्य कानाने उचलतो, त्यात आपला सूर घालतो, प्रेक्षक हसले की थांबतो. तो थांबला की प्रॉम्प्टरही थांबतो. प्रेक्षकाने वन्स मोअर दिला तर ऑर्गनवाला मागे वळतो, गाणं पुन्हा सुरू होतं, वही तशीच उघडी राहते. सगळा प्रयोग या एकमेकांसाठी थांबण्यावर उभा आहे.

या मांडवात रोबो होता. त्याला तिथे कुणी रोबो म्हणत नाही, शार्पी म्हणतात. वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत आकाशात झोत फेकणारा तोच दिवा. खरं तर शार्पी हे २०१० च्या सुमारास आलेल्या एका इटालियन दिव्याचं नाव. आता त्या जातीच्या सगळ्याच दिव्यांना ते चिकटलंय. जमिनीवर ठेवलेला खोका, त्यावर दोन बाहू, बाहूंत अडकवलेलं डोकं. एक स्टेपर मोटर डोकं आडवं फिरवते, साधारण ५४० अंश, म्हणजे दीड फेरा. दुसरी ते वर-खाली झुकवते. आत रंगांची चकती, नक्ष्यांची चकती. हुकूम येतो डीएमएक्स ५१२ या पद्धतीने, जी १९८६ मध्ये अमेरिकेत ठरली: एका तारेवर ५१२ वाहिन्या, प्रत्येक वाहिनीवर ० ते २५५ यांतला एक आकडा. दिव्याला नाटक कळत नाही, आकडा कळतो.

मला खिळवून ठेवलं ते त्याच्या जागं होण्याने. वीज दिली की दिवा लगेच उजेड देत नाही. झोपेतून उठलेला माणूस मान मोडतो तसं त्याचं डोकं आधी एका टोकाला जातं, मग दुसऱ्या, झुकतं, उठतं, चकत्या आतल्या आत खरखरतात. आपण कुठे आहोत हे मोटरला ठाऊक नसतं. सेन्सर सापडेपर्यंत ती फिरते, तिथून शून्य धरते आणि मगच हुकूम पाळायला लागते. कित्येक यंत्रं थोड्याफार फरकाने अशीच आपलं घर शोधतात.

एका लावणीला एकमेकांसाठी थांबणारी माणसं आणि आकडे पाळणारे दिवे यांची गाठ पडली. नर्तकी ढोलकीच्या बोलावर गिरकी घेत होती, दिवे आधी भरून ठेवलेल्या क्रमाने फिरत होते. वन्स मोअर आला. ऑर्गनवाला वळला, प्रॉम्प्टर थांबला, नर्तकी कडेला सरकून पदर सावरू लागली. दिवे थांबले नाहीत. रिकाम्या जागेवर त्यांचा झोत फिरत राहिला. तेव्हा दिव्यांच्या बोर्डामागच्या मुलाने भरलेला क्रम बंद केला आणि बटणं हाताने मारायला सुरुवात केली. डोळे नर्तकीच्या पायांवर, बोटं बोर्डावर. समेवर झोत बरोबर तिच्यावर येऊन पडला आणि मांडवात शिट्ट्या उठल्या. या दिव्यांत आवाज ऐकून आपोआप हलण्याची सोयही असते. पण तो मायक्रोफोन ठोका ऐकतो, ठोका येणार आहे हे त्याला आधी कळत नाही. मुलाला ते कळत होतं.

हुआंग यीच्या प्रयोगात यंत्राची प्रत्येक हालचाल आधी लिहिलेली असते आणि माणसाने अचूक त्या क्षणी तिथे असायचं असतं. मुंबईत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला शांती बर्धन यांच्या लिट्ल बॅले ट्रूपने रामायण बसवलं, त्यात माणसंच कळसूत्री बाहुल्यांसारखी नाचली. दोन्हीकडे माणूस यंत्राच्या शिस्तीत जातो, आणि त्यात एक सौंदर्य आहेच. झाडीपट्टीत मात्र यंत्राला माणसाच्या चालीने चालावं लागतं. नाही चाललं तर प्रेक्षक लगेच सांगतो.

पण हे टिकवणं सोपं नाही. पहिली अडचण विजेची. प्रवेश रंगात असताना वीज गेली आणि जनरेटरवर आली, तर दिवे पुन्हा मान मोडायला लागतात. मंचावर आई मेलेली असते आणि मागे झोत गरगरतात. डिस्चार्ज बल्बचा दिवा असेल तर तापलेला बल्ब गार झाल्याशिवाय पेटतही नाही. गावात तो दुरुस्त करणारा सापडत नाही.

दुसरी अडचण मोठी. दिव्यांचा क्रम आधी भरून ठेवायचा असेल तर संगीतही दर वेळी तंतोतंत तेवढंच लागतं, आणि ते देतो पेन ड्राइव्ह. रेकॉर्डवरचं गाणं आलं की ऑर्गनवाल्याची गरज कमी होते, वन्स मोअरला जागा उरत नाही. नाटकाऐवजी नुसते डान्स हंगामे ठेवण्याचा मोह काही गावांना पडला, त्यावर इथलेच रंगकर्मी चिडून बोलतात. ते चिडतात ते दिव्यांवर नाही. गोष्ट बाजूला पडून नुसता झगमगाट उरतो, त्यावर.

बाकीचे घाव बाहेरून आले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शंकरपट बंद पडला, तो २०२१ च्या डिसेंबरात अटींसह परवानगी मिळेपर्यंत; पटाच्या गर्दीवर चालणाऱ्या नाटकाला त्याची झळ बसली. मधेच करोनाचा हंगाम आला. ब्रह्मपुरीकडच्या जंगलपट्ट्यात वाघाच्या भीतीने रात्री शेजारच्या गावाला जाणं जिवावरचं झालं आहे, आणि २०२१ पासून गडचिरोलीत रानटी हत्तीही आहेत. पहाटे नाटक सुटल्यावर लोक घोळक्याने परततात ते उगाच नाही.

यातलं बरंचसं कंपन्यांच्या हातात नाही. एक गोष्ट आहे. मी पाहिलेल्या प्रयोगात दिवे डेकोरेशनवाल्याचे होते आणि बोर्डामागच्या मुलाने ते नाटक त्याआधी कधीच पाहिलेलं नव्हतं. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड वाजवणाऱ्यांची नावं पोस्टरवर होती, त्याचं नव्हतं. तोही वाजवणाराच आहे, फक्त उजेड वाजवतो. त्याला वादकांत बसवलं तर यंत्र झाडीपट्टीच्या चालीने चालेल. भाड्याच्या सामानात मोजलं तर झाडीपट्टी यंत्राच्या चालीने चालू लागेल. तालमीला त्याला बोलवायला फार खर्च नाही: एक खुर्ची आणि प्रॉम्प्टरच्या वहीची एक झेरॉक्स.