तीव्र प्रकाश आणि कवच

भगवान बुद्धांनी सांगितलेली अनित्यता डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म कणांतही प्रयोगाने पडताळता येते. ‘क्वांटम डॉट’ हे त्याचे सुंदर उदाहरण होय. अर्धवाहक पदार्थाच्या या नॅनोमीटर आकाराच्या कणांवरील संशोधनासाठी मौंगी बावेंडी, लुई ब्रूस व अलेक्सी एकिमोव्ह यांना 2023 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मिलिमीटरचे दहा लाख समान भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर.

या कणांचा रंग त्यांच्या आकारावर ठरतो. कॅडमियम सेलेनाइडचा सुमारे 2 नॅनोमीटरचा कण निळा, तर 6 नॅनोमीटरचा कण लाल प्रकाश देतो. प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो आणि खाली परतताना त्या कणाच्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतो.

परंतु लेसरसारखा तीव्र प्रकाश पडला, की कणाचे वर्तन बदलते. वरच्या पातळीवरील जागा भरून जातात. आणखी प्रकाश शोषला जात नाही आणि तेवढ्या क्षणापुरता पदार्थ त्या रंगाला अधिक पारदर्शक होतो. कधी एखादा इलेक्ट्रॉन कणातून निसटून पृष्ठभागावर अडकतो. मग तो कण काही काळ विझतो व पुन्हा उजळतो. हे दोन्ही बदल तात्पुरते असतात. तिसरा बदल मात्र कायमचा आहे. हवेतील प्राणवायूच्या सान्निध्यात तीव्र प्रकाशामुळे कणाचा पृष्ठभाग झिजतो, गाभा लहान होतो, रंग निळ्याकडे सरकतो आणि अखेरीस कण निस्तेज होतो. ज्या प्रकाशाने तो उजळतो, त्याच प्रकाशाने तो क्षीणही होतो.

यावर शास्त्रज्ञांनी प्रकाश बंद करण्याचा उपाय योजला नाही. त्यांनी कणाला कवच दिले. 1996 मध्ये कॅडमियम सेलेनाइडच्या गाभ्यावर झिंक सल्फाइडचा पातळ थर चढवण्यात यश आले. या कवचातून प्रकाश आत जातो, पण गाभ्याची झीज कमी होते. शिवाय कण पूर्वीपेक्षा अधिक तेजाने उजळतो.

कण जड आहे आणि मूल सजीव, म्हणून ही तुलना मर्यादेतच करावी. तरीही इतिहासाचा शिक्षक या नात्याने मला 1925 चे सोलापूर आठवते. डॉ. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने तेथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले होते. ज्या घरात अक्षर प्रथमच पोहोचते, तेथील मुलाला ज्ञानाच्या प्रकाशाइतकीच निवारा, अन्न आणि सन्मान यांच्या कवचाची गरज असते. आपल्या निवासी शाळेचे कार्यही हेच आहे.