बंपर बसत नाही, तेव्हा चासी मोजा

भूममध्ये या विषयावर बोलायचं तर उदाहरणासाठी लांब जायला नको. इथलं दूध आणि खवा पिकअपमधून जातो. गाडी दोन दिवस गॅरेजला उभी राहिली की मालकाचा जीव खालीवर होतो, आणि या घाईतच चुकीचं काम होतं.

अशीच एक पिकअप माझ्यासमोर आली होती. पुढून उजव्या कोपऱ्यावर मार बसलेला. मालकाने बाजारातून बाहेरचा, म्हणजे कंपनीचा नसलेला बंपर आणलेला. डावीकडचे बोल्ट सहज बसले. उजवीकडे मात्र बंपर आणि चासीत बोटभर फट, भोकंही जरा सरकलेली. गॅरेजमधला पोरगा म्हणाला, "भोक ग्राइंडरने लांबवतो, मागे चार वॉशर टाकतो, अर्ध्या तासात गाडी घेऊन जा." मालक खूश. मी म्हटलं, जरा थांबा. ही फट काहीतरी सांगतेय.

पिकअपची चासी म्हणजे लोखंडाची शिडी समजा. दोन लांब पट्ट्या आणि मध्ये आडव्या पायऱ्या. बंपर या दोन पट्ट्यांच्या टोकांना बसतो. एक टोक मागे गेलं असेल तर बंपर बसणारच नाही, आणि वॉशर टाकून बसवला तर वाकलेली चासी झाकली जाते, सरळ होत नाही.

पण आधी बंपरही तपासा हं. बाहेरचे बंपर मापात असतातच असं नाही. सपाट फरशीवर तो पालथा ठेवा आणि दोन्ही ब्रॅकेटची जमिनीपासूनची उंची टेपने मोजा. सारखी आली, तर दोष गाडीत.

आता चासी मोजायची. मोठ्या मशीनशिवाय निदान तरी होतं. गवंडी खोलीचा काटकोन कसा बघतो? कर्ण मोजून. तेच करायचं. गाडी सपाट जागी, टायरमध्ये सारखी हवा. दोन्ही पट्ट्यांवरची कंपनीची जोडीची भोकं निवडा, डावीकडे एक, उजवीकडे अगदी तसंच. त्यातून ओळंबा सोडा आणि जमिनीवर खडूने खूण करा. पुढची जोडी, मधली जोडी, मागची जोडी. मग गाडी बाजूला घ्या. जमिनीवर चासीचा नकाशाच तयार!

दोन जोड्यांमधले तिरके कर्ण मोजा. सारखे आले तर तो भाग ठीक. साधारण तीन ते पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर कान टवकारा. नेमकी मर्यादा मात्र त्या गाडीच्या वर्कशॉप पुस्तकातच बघायची. मधल्या भागाचे कर्ण जुळले आणि पुढचेच चुकले, तर फक्त नाक वाकलंय. मधलेही चुकले, तर सगळी शिडी पतंगासारखी तिरकी झालीय. दोन्ही पट्ट्यांची लांबीही वेगवेगळी मोजा, कारण एखादी आखडलेली असते. ओळंब्याने वर-खाली झालेला वाक कळत नाही, त्यासाठी गवंड्याचीच पाण्याची नळी वापरा.

तिरकेपणा मागच्या एक्सलपर्यंत गेला असेल तर ओल्या रस्त्यावर सरळ चालवून ठसे बघा. मागची चाकं पुढच्यांच्या एका बाजूला पडतात, गाडी खेकड्यासारखी चालते. मग अलाइनमेंट कितीदा करा, मूळ दुखणं तसंच.

सरळ करायचं काम चासीचा बेंच असलेल्या ठिकाणीच. गाडी घट्ट बांधून, मार बसला त्याच्या उलट दिशेने हळूहळू ओढतात, पुन्हा मोजतात. लोखंड थोडं परत येतं, म्हणून जरा जास्त ओढावं लागतं. गॅसने लालभडक करून ठोकणारा भेटला तर गाडी तिथून काढा, मजबूत पोलाद तापवल्याने नरम पडतं. शेवटी जोडांवर तडे आहेत का ते बघायचं, आणि मगच बंपर.

एकाने विचारलंय, "सर, जाड लोखंडी गार्डच लावला तर चासी वाचेल ना?" नाही. तो गार्ड त्याच दोन पट्ट्यांना बसतो. बंपरने दबून जो मार थोडा खायचा, तो गार्ड थेट पट्टीत पाठवतो. एअरबॅग असलेल्या गाडीत सेन्सरला धक्का कळण्याची वेळही बदलू शकते, आणि पायी चालणाऱ्याला लागतं ते वेगळंच. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून, असे गार्ड १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरोधात आहेत, कारवाई करा, असं कळवलंय.

त्या पिकअपचं काय झालं? मधले कर्ण जुळले, नाकच वाकलं होतं. मालकाने दोन दिवस दूध शेजाऱ्याच्या गाडीतून पाठवलं. ओढून झाल्यावर तोच बंपर एकही वॉशर न घालता बसला.