दहा कोंबड्यांना तेरांचा शिधा
(नभोवाणीवरील भाषण)



परसात कोंबड्या पाळणारा गृहस्थ अंडी मोजतो, दाणा मोजीत नाही. मीही मोजीत नव्हतो. बेळगावास घरामागे दहा बंदिस्त कोंबड्या पाळल्या होत्या आणि त्यांच्यासाठी ५० किलोचे पोते आणीत असे. अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाकाठी सुमारे ११० ग्रॅम खाद्य लागते, म्हणजे दहा कोंबड्यांना सव्वा किलोहूनही थोडे कमीच. या मानाने पोते दीड महिना पुरावयास हवे होते. प्रत्यक्षात पस्तिसाव्या दिवशी तळ दिसला. पहिला संशय अर्थातच दुकानदाराच्या काट्यावर गेला. पुढचे पोते मी त्याच्यासमक्ष पुन्हा तोलून घेतले. ते पुरते ५० किलो भरले, आणि मला त्या सज्जनाच्या नजरेला नजर देववेना.

मग घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली. पस्तीस दिवसांत कोंबड्यांनी खावयाचे साडेअडतीस किलो; उरलेले साडेअकरा किलो गेले कोठे? दिवसाला सव्वातीनशे ग्रॅमहून थोडे अधिक, म्हणजे बरोबर तीन कोंबड्यांचा शिधा. मी पाळीत होतो दहा आणि पोशीत होतो तेरा! या तीन अदृश्य कोंबड्या म्हणजे, खाणारा एक काळा उंदीर दिवसाला पंधरा ते वीस ग्रॅम खातो असे धरले तर, पंधरा-वीस उंदीर. त्यात काही वाटा खारींचा आणि बराचसा सांडलवंडीचा होता, हे नंतर समजले.

ज्यांच्या घरी नोकरीचा पगार येतो त्यांना या साडेअकरा किलोंचे फारसे काही वाटणार नाही. परंतु आपल्याकडे परसातील कोंबडी ही बहुधा घरच्या बाईची मिळकत असते. मीठमिरची, मुलांच्या वह्या, आजारपणातले औषध असे किरकोळ खर्च तिच्या अंड्यांच्या पैशांतून भागतात, आणि ही गळती थेट त्या पैशांतून होते. दुसरा धोका पैशांहून मोठा आहे. जेथे उंदीर, तेथे साप. नाग आणि घोणस या दोन्ही विषारी सापांच्या भक्ष्यात उंदरांना मोठे स्थान आहे. पहाटेच्या अंधारात अंडी काढण्यासाठी खुराड्यात बेधडक हात घालणाऱ्या बाईला कदाचित ठाऊकही नसते की, काल रात्री सांडलेल्या कण्यांनी उंदीर बोलावले आणि उंदरांनी आणखी कोणाला बोलावले. शिवाय उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचा जंतू चिखलापाण्यात उतरतो आणि पायाच्या लहानशा जखमेतून माणसाच्या शरीरात शिरतो. गोव्याच्या आणि कोकणच्या पावसाळ्यात या तापाचे नाव अपरिचित नाही. साल्मोनेलाचे जंतू उंदरांच्या लेंड्यांतून खाद्यात जातात, ते निराळेच.

आता चोर ओळखू या. दिवसाची चोरी खारीची. खार ही सूर्यप्रकाशात वावरणारी. तिला मका, शेंगदाणे, सूर्यफुलाचे बी विशेष प्रिय. तिच्या पाठीवरील पट्टे ही प्रभू रामचंद्रांची बोटे, अशी आपली श्रद्धा. दक्षिणेकडच्या खारीवर ती तीन दिसतात. पण आमच्या ग्वाल्हेरच्या आणि इंदूरच्या श्रोत्यांनी मोजून पाहिल्यास त्यांना पाच आढळतील, कारण उत्तरेकडील जात पाच पट्ट्यांची आहे. बोटे किती, हा वाद पुराणिकांवर सोपवू. जिने सेतुबंधाला वाळू वाहिली तिला मारण्याचा विचारही कोणाच्या मनात येऊ नये, आणि सुदैवाने त्याची गरजही नाही, हे पुढे दिसेल.

रात्रीची चोरी तिघांची. पहिला काळा उंदीर, जो वाशांवरून, तारेवरून, आढ्यावरून चालतो आणि वरून उतरतो. दुसरा बारका घरउंदीर. पेन्सिल जाईल एवढ्या, म्हणजे सुमारे सहा मिलिमीटरच्या फटीतून तो अंग आक्रसून आत येतो. तिसरी घूस. हिचे काम जमिनीखालून चालते. बिळाच्या तोंडाशी सैल मातीचा ढीग दिसला की ती तेथे आहे असे समजावे. हैदराबादच्या श्रोत्यांना एक गंमत सांगण्यासारखी आहे. घुशीचे इंग्रजी नाव बँडिकूट हे तेलुगूतील ‘पंदिकोक्कु’ या शब्दावरून आले आहे आणि त्याचा अर्थ डुक्कर-उंदीर. नाव ठेवणाऱ्याने तिला नीट पाहिले होते यात शंका नाही. घूस नुसती खाऊन जात नाही. ती बिळात साठाही करते. त्यामुळे एक घूस तिच्या पोटाच्या मानाने पुष्कळच अधिक नुकसान करते.

उंदीर दिसला की आपला हात पहिल्याने विषाकडे जातो. माझाही गेला होता. परंतु कोंबड्यांच्या परसात विष ही वस्तू फार अडचणीची आहे. झिंक फॉस्फाइड पोटातील आम्लाशी संयोग पावून विषारी वायू निर्माण करते. त्याला उंदीर आणि कोंबडी यांच्यातील भेद कळत नाही. थोडेसे खाऊन उंदीर आजारी पडला आणि वाचला, तर पुन्हा तो त्या आमिषाला शिवत नाही. ब्रोमॅडिओलोनसारखी रक्त गोठू न देणारी औषधे सावकाश, काही दिवसांनी मारतात. तोवर तो उंदीर लडखडत अंगणात येतो आणि मांजर किंवा घुबड त्याला उचलते. कोंबडी शाकाहारी आहे असा ज्यांचा समज असेल त्यांनी तिला लहान उंदीर मटकावताना एकदा पाहावे! अशा कोंबडीची अंडी आपण मुलांना देणार काय? आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी की, शेजारी कण्या, मका आणि पेंड यांची पंगत मांडलेली असता उंदराने आपले आमिष का खावे? नव्या वस्तूविषयी तो मुळातच संशयी. परिचित जेवण समोर असेपर्यंत तो अपरिचित जेवणाकडे फिरकत नाही. विषाने थोडे उंदीर कमी झाले तरी मादीला साधारण तीन आठवड्यांत पिल्ले होतात, एका वेळी सहा-आठ. आणि ती पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः प्रजोत्पादनास योग्य होतात. जोवर अन्न आहे तोवर रिकामी झालेली जागा भरून निघते.

म्हणून प्रश्न उंदराचा नाही, त्याच्या रात्रीच्या जेवणाचा आहे. कोंबडीला अंधारात दिसत नाही. दिवस मावळताच ती मोंड्यावर चढते आणि उजाडेपर्यंत दाण्याला चोच लावीत नाही. तेव्हा सूर्यास्तानंतर भांड्यात जे उरते ते तिचे नव्हे. ‘असू दे, सकाळी खातील,’ असे म्हणून आपण जो दाणा ठेवतो, तो ज्यांच्यासाठी ठेवला त्यांना मिळत नाही. मी प्रथम केले ते एवढेच: सकाळी दोन भाग आणि दुपारी चारच्या सुमारास एक भाग असा मोजून दाणा घालू लागलो, आणि दिवेलागणीला भांडे उचलून आत नेऊ लागलो. दुपारचा भाग एवढाच असावा की कोंबड्या झोपण्यापूर्वी तो संपेल. आठवडाभर पाहून त्याचे माप ठरवावे. भांडे चाटूनपुसून रिकामे झाले आणि कोंबड्या अजून घुटमळत आहेत असे दिसले तर मूठभर वाढवावे. उरले तर मूठभर कमी करावे.

सांडणारा दाणा हा या व्यवहाराचा दुसरा भाग. कोंबडीला चोचीने दाणा उडविण्याची खोड आहे. आवडीचा कण शोधताना बाकीचे ती बाजूला फेकते. भांड्याचा काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आणावा आणि भांडे काठोकाठ न भरता तिसरा हिस्साच भरावे; मग फेकाफेक पुष्कळ थांबते. भांड्याखाली रुंद परात किंवा फरशी असावी आणि संध्याकाळी ती झाडून घ्यावी. हे काम पाच मिनिटांचे आहे, पण ते रोज करावे लागते, आणि रोजचे काम कोणाच्या वाट्याला येते हे आपण सर्व जाणतो. घरातील पुरुषमंडळींनी निदान हे एक काम आपल्याकडे घेण्यास हरकत नसावी.

परंतु भांडे रात्री उचलले तरी खार दिवसाच येते. तिच्यासाठी एक सुरेख युक्ती आहे. पत्र्याच्या पेटीवजा भांड्याला झाकण असते आणि पुढे एक फळी. कोंबडी फळीवर उभी राहिली की तिच्या भाराने झाकण उघडते. उतरली की मिटते. सारे गणित वजनाचे आहे. खार भरते जेमतेम शंभर ग्रॅम, काळा उंदीर शंभर ते दोनशे. वयात आलेली कोंबडी किलो-दीड किलो. खारीने फळीवर कितीही नाच केला तरी झाकण हलत नाही! थोरली घूस मात्र अर्ध्या किलोच्या वर जाते. म्हणून झाकण पाऊण किलोच्या आतल्या भाराने उघडणार नाही असे वजन मागे लावून घ्यावे. पत्र्याचे काम करणारा कोणताही चांगला कारागीर हे भांडे करून देईल. कोंबड्यांना शिकविण्यासाठी पहिला आठवडा झाकण पूर्ण उघडे बांधून ठेवावे, नंतर अर्धे, आणि मग मोकळे सोडावे; झाकणाच्या आवाजाला त्या प्रथम बिचकतात. पिल्लांचा भार या फळीला पुरत नाही, म्हणून त्यांना वेगळ्या, जाळीच्या आत दाणा द्यावा. हैदराबादची वनराजा ही अंगाने भारी जात, तिला काही अडचण येत नाही. झाबुआच्या कडकनाथसारख्या हलक्या जातीसाठी मागचे वजन तपासून कमी करावे.

पोते हे साठवणीचे साधन नव्हे. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. त्यांना झिजविण्यासाठी त्याला सतत काहीतरी कुरतडावेच लागते. गोणपाट, प्लॅस्टिकची बादली, लाकडी पेटी, यांपैकी काहीही त्याला अडवीत नाही. घट्ट झाकणाचा पत्र्याचा पिंप हवा, आणि तो जमिनीला टेकवून न ठेवता विटांवर ठेवावा. येथे एक इशारा दिला पाहिजे. घट्ट पिंपात ओलसर दाणा भरला तर उंदरापासून वाचेल, पण बुरशी लागेल. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी एकाएकी दगावले. शोधाअंती दोष भुईमुगाच्या पेंडीवरील बुरशीच्या विषाकडे गेला, आणि त्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. आपल्या खाद्यातही भुईमुगाची पेंड आणि मका असतोच. तेव्हा दाणा उन्हात खडखडीत वाळवून, गार झाल्यावर भरावा. पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांपुरताच आणावा. आणि जुना संपल्यावाचून त्यावर नवा ओतू नये.

खुराड्याविषयी थोडक्यात. बाजारात कोंबड्यांची जाळी म्हणून मिळणारी षट्कोनी छिद्रांची तार कोंबडीला आत ठेवते. उंदराला बाहेर ठेवीत नाही. वेल्डमेशची बारीक चौकोनी जाळी घ्यावी. अर्ध्या इंचाची जाळी मोठे उंदीर अडविते, बारक्या घरउंदरासाठी पाव इंचाचीच हवी. भिंतीशी ती फूटभर खाली गाडून मग बाहेरच्या बाजूला फूटभर वळवावी. घूस नेहमी भिंतीच्या अगदी मुळाशी उकरू लागते, तेथे तिला जाळी लागते, आणि दोन फूट मागे जाऊन खणावयास आरंभ करावा हे तिला सुचत नाही. भिंतीलगत तीन फूट जागा मोकळी, स्वच्छ असावी. सरपण आणि जुनी कौले तेथे रचू नयेत. उघड्यावरून धावणे उंदराला आवडत नाही. भाताची कापणी झाली की शेतातील उंदीर घरांकडे वळतात. तेव्हा खानापूर, चंदगड या बाजूच्या मंडळींनी दिवाळीपूर्वीच ही डागडुजी उरकावी. एवढे केल्यावर जे दोन-चार उंदीर उरतील त्यांना साधा पिंजरा पुरतो. तो भिंतीला लावून ठेवावा आणि पहिले तीन दिवस दार बांधून आत नुसते खाणे ठेवावे.

कोण येते हे पाहावयाचे असल्यास आज रात्रीच चुलीतील चाळलेली राख खुराड्याभोवती हातभर रुंदीने पसरावी. सकाळी तीत पावले उमटलेली दिसतील. शेपटीची लांब रेघ आणि भिंतीच्या कडेने गेलेला माग हा उंदराचा. राखेखालची माती वर आलेली असेल तर घूस. अंडी काढावयास जाताना हातात विजेरी आणि काठी असू द्यावी. वळणावळणाचा रुंद पट्टा राखेत दिसला, तर त्या दिवशी खुराडे उन्हे वर आल्यावरच उघडावे आणि सर्पमित्राला बोलवावे. आणि माग चिचुंदरीचा निघाला, तर तिला राहू द्यावे. ती उंदराच्या कुळातील नव्हे. दाण्यापेक्षा झुरळे आणि किडे यांच्यावरच तिची भिस्त असते. तिचा वास तेवढा सोसावा लागतो.