गंगेपलीकडची रेती

काशीच्या बालाजी घाटावरून समोरच्या रेतीत दिवसभराची सहल करायची, तर नावच बरी. पण रेती पलीकडच्याच काठाला का? इथे गंगा वळण घेते. वळणावर वरचे वेगवान पाणी बाहेरच्या, म्हणजे घाटांच्या काठाकडे ढकलले जाते. तळाचे संथ पाणी वाळू घेऊन आतल्या काठाकडे सरकते. ढवळलेल्या चहाची पत्ती कपाच्या मधोमध जमते ती याच कारणाने. आइन्स्टाइन यांनी १९२६ साली हे उलगडून सांगितले. वाळू अशी येतच राहते: २०२१ मध्ये या रेतीतून कालवा खणला गेला आणि मधली वाळू बेटासारखी सुटी झाली. पावसाळ्यातल्या पुराने तो कालवा गाळाने बुजवला.